वाळवंट : ओसाड की सुपीक?

शाळांच्या निबंध आणि वक्तृत्व स्पर्धांत 'वाळवंट : शाप की वरदान?' अशा धर्तीचा विषय हटकून असतो. त्यावर साधारणपणे दोन उत्तरे येतात. वाळवंट ही ओसाड, निरुपयोगी जमीन आहे, हे पहिले. कालवे काढून तिचे नंदनवन करता येते, हे दुसरे. ही मते एकमेकांविरुद्ध वाटतात. पण आमच्या मते दोन्हींच्या मुळाशी एकच चूक आहे. पाणी येण्यापूर्वी तेथे काही नव्हते, असे दोन्हींत धरून चाललेले असते. हे गृहीत थरच्या वाळवंटावर तपासून पाहू.

प्रथम 'पडीक' हा शब्द घेऊ. तो मृदाशास्त्रातून आलेला नाही. त्याचे मूळ महसुलाच्या दप्तरात आहे. ज्या जमिनीतून सारा मिळत नसे, ती ब्रिटिश अमदानीत पडीक ठरत असे. उपग्रहचित्रांवरून तयार केलेला देशातील पडीक जमिनींचा नकाशासंग्रह २००० साली प्रसिद्ध झाला. त्यातही वाळूच्या जमिनी पडीक म्हणूनच मोजल्या आहेत. उपग्रहाला वाळू दिसते, पण तिच्यावर कोणाची गुरे चरतात हे दिसत नाही.

जैसलमेर भागात वर्षाला २०० मिलिमीटरपेक्षाही कमी पाऊस पडतो, तर तेथील हवा वर्षाकाठी दीड ते दोन मीटर खोलीचे पाणी शोषून घेऊ शकते. अशा ठिकाणी सेवण हे बहुवर्षायू गवत वाळू धरून ठेवते आणि थारपारकर व राठी गाईंना चारा पुरवते. आपण जिला शमी म्हणतो, ती खेजडी तेथे शेतात मुद्दाम राखली जाते. तिची मुळे खोल जातात, ती जमिनीत नत्राची भर घालते, तिच्या आसऱ्याने बाजरी चांगली येते, पाला गुरांना मिळतो आणि शेंगांची भाजी होते. अशा जमिनीला निरुपयोगी कसे म्हणावे?

आता दुसरे उत्तर. सतलज व बियास यांच्या संगमावरील हरिके बंधाऱ्यापासून निघणाऱ्या राजस्थान कालव्याची पायाभरणी १९५८ साली झाली. पुढे त्याला इंदिरा गांधींचे नाव मिळाले. पंजाब-हरियाणातून येणारा २०४ किलोमीटरचा पुरवठा कालवा आणि राजस्थानातील ४४५ किलोमीटरचा मुख्य कालवा मिळून त्याची लांबी ६४९ किलोमीटर भरते. त्याने गहू, मोहरी, कापूस पिकवला आणि अनेक गावा-शहरांना पिण्याचे पाणी दिले. हे यश खरे आहे; ते नाकारण्याचा आमचा हेतू नाही.

पण धडा येथेच संपवला, तर तो अर्धा राहतो. लाभक्षेत्रात बऱ्याच ठिकाणी जमिनीखाली थोड्याच खोलीवर जिप्सम किंवा चिकणमातीचा कठीण थर आहे. त्यातून पाणी खाली झिरपत नाही. ते साचते आणि भूजलाची पातळी वर येते. ती पृष्ठभागाजवळ आली की पाणी केशाकर्षणाने वर चढते, वाफ होऊन उडून जाते आणि क्षार मागे राहतात. हनुमानगड-सुरतगड पट्ट्यात काही शेते अशीच दलदलीत व खाऱ्या जमिनीत गेली. दुसरीकडे, जेथे नांगर फिरला तेथील सेवणाची कुरणे गेली आणि त्यांच्यावर जगणाऱ्या पशुपालकांचा आधार तुटला.

क्षारांचा हिशोब वर्गात फळ्यावर करता येईल. एक हेक्टर शेताला वर्षभरात एक मीटर खोलीचे पाणी दिले, तर ते १०,००० घनमीटर, म्हणजे एक कोटी लिटर होते. कालव्याच्या चांगल्या पाण्यातही लिटरमागे ०.२ ग्रॅम क्षार आहेत असे मानू. मग दरवर्षी त्या शेतात दोन टन क्षार येतात. निचरा नसेल तर ते जाणार कोठे? नीरा खोऱ्यात आणि सांगलीच्या कृष्णाकाठी क्षारपड झालेल्या जमिनींची कथाही हीच आहे, आणि तेथे तर वाळवंट नाही!

मग वाळवंटात शेती करूच नये काय? असे आम्ही म्हणत नाही. जैसलमेर भागात पालीवाल ब्राह्मणांनी काही शतकांपूर्वी खडीन पद्धत रूढ केली. शेताच्या अनेक पटींनी मोठ्या असलेल्या खडकाळ उतारावरून वाहणारे पावसाचे पाणी सखल भागात मातीच्या बांधाने अडवायचे, जादा पाणी सांडव्यावाटे सोडून द्यायचे, आणि पाणी मुरले की त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. पाण्याबरोबर गाळ येतो आणि क्षार धुऊन निघतात. या पद्धतीने साऱ्या देशाला धान्य पुरणार नाही. पण पाणी किती आणि ते कोठे जाते, याचे भान तिच्यात आहे. नेमके हेच भान 'नंदनवना'च्या वर्णनांत नसते.

तेव्हा 'शाप की वरदान' हा विषय शिक्षकांनी बदलावा, अशी आमची सूचना आहे. त्याऐवजी तीन प्रश्न द्यावेत : येथे आधी कोण, कशावर जगत होते? प्रत्येक घनमीटर पाण्यामागे काय मिळते? क्षार बाहेर कोठून जातात? सोबत एक प्रयोगही करता येईल. दोन कुंड्यांत सारखी माती भरा. एकीच्या तळाला भोक ठेवा, दुसरीचे बंद करा. दोन्हींत मेथी पेरून रोज मोजून किंचित खारट पाणी घाला. भोकाच्या कुंडीतून थोडे पाणी खाली गळेल इतके ते असावे. काही आठवड्यांनी कोणत्या कुंडीतील मातीवर पांढरा थर येतो आणि कोठली मेथी आधी माना टाकते, याची नोंद विद्यार्थ्यांनाच करू द्या. कालव्याचा धडा त्यानंतर घ्यावा.