खलनायकाची कमाई

अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीचा निकाल बहुधा आधीच ठरलेला असतो. म्हणून तिची पारख नाटकाच्या कसोट्यांवरच करावी लागते. या नाटकात खलनायकाचे काम सर्वांत कठीण. त्याला शिव्या कमवाव्या लागतात, आणि त्या शिव्यांवरच तिकिटे खपतात. टेनेसी राज्यातील मेंफिस शहर ज्याने १९५०च्या दशकाच्या अखेरीस अशा रीतीने गाजविले, तो स्पुटनिक मन्रो रसिकांनी अभ्यासावा असा नट होता.

त्याचे नावच मुळात एक शिवी. १९५७ साली रशियाचा उपग्रह आकाशात फिरू लागला होता. अलाबामातील एका मुक्कामी मन्रो एका कृष्णवर्णीयाच्या गळ्यात हात घालून आला, तेव्हा चिडलेल्या एका गोऱ्या वृद्धेने त्याला ‘स्पुटनिक’ म्हणून हिणविले, अशी कथा सांगतात. त्याने ती शिवी बिरुदासारखी मिरविली.

मेंफिसमध्ये तो झगझगीत पोशाख करून बील स्ट्रीट या कृष्णवर्णीयांच्या पेठेत हिंडे. पोलिसांनी किरकोळ आरोपावरून पकडले, तर रसेल शुगरमन हा कृष्णवर्णीय वकील उभा करी. गोऱ्या प्रेक्षकांना यात दुष्टपणाची परिसीमा दिसे.

आपल्या दशावतारात संकासुराला पाहून सारा मांडव एकाच वेळी हसतो. मेंफिसच्या एलिस ऑडिटोरियममध्ये मात्र प्रेक्षागृहच दुभंगलेले होते. कृष्णवर्णीयांना वरच्या सज्जात मोजक्या जागा. त्या भरल्या की बाकीचे दारातून परत, मग खाली खुर्च्या रिकाम्या का असेनात. खालच्यांचा खलनायक तोच सज्जातल्यांचा नायक होता. अखेर त्याने संयोजकांना बजावले, की सर्वांना कोठेही बसू द्या, नाहीतर मी आखाड्यात उतरणार नाही. गल्ला त्याच्या नावावर भरत होता, संयोजक नमले. १९५९ साली बिली विक्सशी झालेल्या त्याच्या कुस्तीला तेरा हजारांहून अधिक लोक लोटले होते. पंच होता मुष्टियोद्धा रॉकी मार्सियानो.

यात मन्रोचा स्वार्थ नव्हता काय? होताच, अधिक प्रेक्षक म्हणजे अधिक मिळकत. शिवाय त्याला संतपदी बसविणे हा इतरांवर अन्याय ठरेल. त्याच मेंफिसमध्ये ग्रंथालयाची दारे उघडावीत म्हणून १९६० साली कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी अटक पत्करली. त्यांच्या गाठीशी गल्ल्याचे बळ नव्हते. तरीही लोकांच्या द्वेषातून मिळविलेली सत्ता त्याने ज्या कामी खर्चिली, ते काम सद्वर्तनी नायकांना सुचले नव्हते, एवढे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

२००६ साली मन्रो निवर्तला. त्याचे डावपेच विसरले जातील. रिकाम्या ठेवलेल्या त्या खुर्च्या विसरू नयेत. रंगभूमीवर काय चालले आहे एवढे पाहून टीकाकाराचे भागत नाही. मांडवात कोणाला कोठे बसविले आहे, आणि दाराबाहेर कोण उभा आहे, हेही त्याने पाहिले पाहिजे.