सहा पिक्सेलची बाज

मंगळाभोवती फिरणाऱ्या यानानं टिपलेलं एक चित्र आहे. मळकट जमीन, तीवर बारीक खळगे आणि मध्ये एक उजळ ठिपका. त्या ठिपक्याला कुणीतरी खूण केलेली असते. खूण नसती, तर आपण अंगठ्यानं स्क्रीन सरकवून पुढे गेलो असतो. मी या चित्राकडे एक मजकूर म्हणून बघतो, आणि त्याची समीक्षा करायची तर आधी ते वाचायचं कसं हे ठरवावं लागतं.

ठिपक्याचं नाव बीगल-२. हे छोटं ब्रिटिश यान २५ डिसेंबर २००३ रोजी मंगळावरच्या इसिडिस मैदानात उतरणार होतं. त्याच्याकडून एकही संदेश आला नाही. कोसळलं असणार, असं बहुतेकांनी धरून चाललं आणि यानाच्या नावापुढे ‘अपयशी’ हा शब्द चिकटला. प्रकल्पाचे प्रमुख कॉलिन पिलिंजर मे २०१४ मध्ये वारले. जानेवारी २०१५ मध्ये जाहीर झालं की यान सापडलंय. ठरलेल्या जागेच्या मध्यापासून साधारण ५ किलोमीटरवर ते सरळ उतरलेलं होतं, सौरपट्ट्यांच्या काही पाकळ्याही उघडल्या होत्या. त्याचा अँटेना मात्र शेवटच्या पाकळीखाली होता. सगळ्या पाकळ्या उघडल्याशिवाय त्याला बोलताच येणार नव्हतं. म्हणजे यान पोचलं होतं, फक्त ‘पोचलो’ हा निरोप त्याला देता आला नाही. अकरा वर्षांचा निकाल सहा-सात पिक्सेलनी बदलला.

सहा-सात हा अंदाज कसा, ते बघू. हे चित्र टिपणारा हायराइज कॅमेरा सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरून बघतो. त्याचा एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे साधारण ३० सेंटिमीटर. आपल्याकडे सोयाबीनच्या दोन ओळींत जेवढं अंतर ठेवतात, त्याहूनही थोडं कमी. पूर्ण उघडलेलं बीगल दोन मीटरांच्या आतलं. अंगणात टाकलेली बाज समजा. अकोल्यातल्या एखाद्या अंगणातली बाज अमरावतीच्या कितीतरी पलीकडून, तीनशे किलोमीटरवरून शोधायची, असं हे काम. ती सापडली तरी तिच्यावर कोण बसलंय हे दिसणार नाही. हे चित्र वाचताना पहिली शिस्त मापाची: जे दिसतंय ते किती ठिपक्यांचं बनलंय, हे आधी विचारायचं.

दुसरी शिस्त उजेडाची. फोनवर मेळघाटाचं उपग्रहचित्र उघडून बघा. चिखलदऱ्याच्या दऱ्या कधीकधी डोंगररांगांसारख्या फुगून वर आलेल्या दिसतात. आपला डोळा धरून चालतो की उजेड वरूनच येतो. पण नकाशात उत्तर वर असते, आणि आपल्याकडे वर्षाचा बराच काळ सूर्य दक्षिणेकडे, म्हणजे चित्राच्या खालच्या बाजूला असतो. फोन उलटा धरला की दऱ्या पुन्हा दऱ्या होतात. चित्र तेच असतं, फक्त वाचणाऱ्याची समजूत बदललेली असते. मंगळावरचे खळगेही असेच टेकड्या होऊन फसवतात. १९७६ मध्ये वायकिंग-१ नं टिपलेला ‘मंगळावरचा चेहरा’ म्हणजे तिरप्या उन्हात पडलेल्या सावल्या होत्या. पुढे जास्त बारकाईची चित्रं आली आणि तिथे एक साधी टेकडी निघाली. चेहऱ्याची गोष्ट मात्र अजून फॉरवर्ड होते.

तिसरी शिस्त मराठी वाचकाला परकी वाटू नये. तिचं नाव पाठभेद. जुन्या पोथीचं संपादन करताना एकाच ओळीचे वेगवेगळ्या हस्तलिखितांतले पाठ शेजारी ठेवतात आणि फरक कुठे पडला ते बघतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ मध्ये चेन्नईचे इंजिनिअर षण्मुग सुब्रमणियन यांनी नेमकं हेच केलं. चंद्रावर विक्रम जिथे उतरणार होतं, त्या भागाची नासाच्या यानानं घेतलेली आधीची आणि नंतरची चित्रं त्यांनी शेजारी ठेवली आणि एक नवा ठिपका पकडला. नासानं तो तपासला आणि २ डिसेंबरला मान्य केला. तो तुकडा मुख्य जागेपासून सुमारे ७५० मीटरवर होता. चित्रं सगळ्यांसाठी खुली होती. ती शेजारी ठेवून नेटानं बघण्याचं काम त्यांनी केलं.

त्याच सप्टेंबरमध्ये आपल्या फोनवर काय फिरत होतं, तेही आठवा. अपोलो-१६ च्या जागेचं जुनं चित्र ‘विक्रम सापडलं’ म्हणून पसरलं होतं. दोन्हीकडे राखाडी जमीन, दोन्हीकडे ठिपका आणि बाण. माझी तक्रार त्या बाणाबद्दल आहे. बाण आणि वर्तुळ हे चित्राचे भाग नसतात, ती टीकाकारानं केलेली टीप असते. आपण टीप वाचतो आणि मूळ ओळ वाचलीच, असं समजतो. बाण काढून टाकल्यावर चित्रात काय उरतं, हा प्रश्न प्रत्येक फॉरवर्डला विचारता येतो. त्याला पैसे पडत नाहीत.

या प्रकारातलं सगळ्यात देखणं चित्र मात्र बीगलचं नाही. ते आहे फिनिक्सचं, २५ मे २००८ चं. पॅराशूटला लटकलेलं यान, मागे दहा किलोमीटर रुंदीचं प्रचंड विवर. यान त्या विवराच्या तोंडात शिरतंय असं वाटतं. प्रत्यक्षात ते विवराच्या सुमारे २० किलोमीटर अलीकडे होतं, बडनेऱ्याहून मूर्तिजापूरला जाताना साधारण निम्मी वाट होईल एवढं. कॅमेरा तिरपा होता म्हणून दोन्ही एकमेकांना चिकटले. चित्र खरं आहे, त्यातून मनात येणारी गोष्ट खोटी आहे. म्हणून देखणेपणात फिनिक्सला पहिला नंबर देऊनही मी बीगलचं चित्र वरचढ मानतो. फिनिक्सचं चित्र बघणाऱ्याला आयतं नाट्य देतं. बीगलचं चित्र वाचणाऱ्याकडून काम करून घेतं आणि स्वतःला माहीत आहे त्याहून जास्त बोलत नाही. पाकळी का उघडली नाही, हे ते सांगत नाही. २०१६ मध्ये त्याच ठिपक्यांवरच्या उजेडाचा पुन्हा अभ्यास झाला, तेव्हा किमान तीन आणि कदाचित चारही पाकळ्या उघडल्या असाव्यात असा निष्कर्ष निघाला. पाठ तोच, अर्थ थोडा पुढे सरकला. चांगल्या मजकुराचं असंच होतं.

जागा वाचण्याची ही सवय आपल्या भागात जुनी आहे. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे महानुभावांचं मोठं स्थान. त्यांच्या ‘स्थानपोथी’त चक्रधरस्वामी कुठे राहिले, कुठे बसले, ती जागा देवळाच्या कोणत्या बाजूला, दार कोणत्या दिशेला, याची नोंद आहे. तिथे काय घडलं एवढ्यावर ही पोथी थांबत नाही, कुठे घडलं याचाही हिशेब ठेवते. पण तिच्यामागे पायी चाललेला माणूस आहे. उपग्रहचित्रामागे तो नाही. दोन्ही मजकुरांतला मला जाणवणारा मोठा फरक हाच.

तो फरक किती मोठा असू शकतो, ते लोणारनं दाखवलंय. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. बसॉल्टमध्ये आघातानं झालेलं म्हणून मंगळाच्या अभ्यासकांनाही ते महत्त्वाचं वाटतं. वरून बघितलं तर एक गोल खड्डा आणि पाणी. हा खड्डा ज्वालामुखीचा की आघाताचा, यावर बराच काळ मतभेद होते. निर्णायक पुरावा १९७० च्या दशकात मिळाला, तळाशी भोकं पाडून काढलेल्या खडकांतून. आघाताच्या दाबानं काच झालेली खनिजं त्यांत सापडली. गोलाई वरून दिसली, कारण खालून कळलं.

हे सगळं मला मंगळापुरतं ठेवता येत नाही. पीक विम्यात उत्पादनाचा अंदाज बांधताना उपग्रहाच्या चित्रांचा वापर वाढतोय. वरून हिरवं दिसणारं शेत भरलेलं असेलच असं नाही. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते. सोयाबीनला शेंगा धरल्या नाहीत तरी झाड उभंच असतं, आणि तणही हिरवंच असतं. वऱ्हाडातल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे माहीत आहे. तंत्र वाईट आहे असं मी म्हणत नाही. हजारो गावांवर एकाच वेळी नजर टाकायची तर दुसरी सोयही नाही. पण ज्या शिस्तीनं आपण मंगळावरचा ठिपका वाचतो, तिच्या निम्म्यानं तरी आपलं शेत वाचलं जावं: माप किती, उजेड कुठून, आधीचं चित्र कोणतं, आणि बाण कुणी काढला.

बीगलपाशी जाऊन बघणं कुणाच्या हातात नव्हतं. वरून बघणं ही तिथली सक्ती होती, आणि त्या सक्तीत माणसांनी अकरा वर्षांनी एका यानाला न्याय दिला. इथे मात्र धुऱ्यावर जाता येतं. वरच्या चित्रात सगळं ठीक दिसत असताना खालचा माणूस नाही म्हणत असेल, तर हातात दोन पाठ आहेत. कोणताही बरा संपादक अशा वेळी एक पाठ फेकून देत नाही. तो जाऊन मूळ प्रत बघतो.