एका कोशनोंदीचे परिष्करण

कोशातील नोंदीचे परिष्करण म्हणजे शुद्धलेखन तपासणे, लांब वाक्ये आखूड करणे आणि सनावळी जुळवून घेणे, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. ती सर्वस्वी चुकीची नाही. पण परिष्करणाचे खरे कार्य तेथे संपत नाही. नोंदीत कोणाचे नाव आले, कोणाचे गळले, आणि गळले ते कोणत्या शब्दाच्या आडोशाने, हे पाहणे हा समीक्षेचाच व्यापार होय. म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात राहून कन्नडातून मराठीत अनुवाद करणाऱ्या प्रस्तुत लेखकाकडे अलीकडे एक मसुदा तपासणीसाठी आला, त्या निमित्ताने हे विवेचन करीत आहे. मसुद्याचा विषय होता रघु दीक्षित यांचा 2008 साली निघालेला पहिला आल्बम. विशाल-शेखर या संगीतकारद्वयाच्या ध्वनिमुद्रणसंस्थेने तो प्रसिद्ध केला. त्यात हिंदी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतील गीते आहेत, आणि रॉक संगीताच्या वाद्यमेळात लोकसंगीताचे वळण मिसळलेले आहे.

रॉक संगीताचा आल्बम हा कोशाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका घेणारे विद्वान अजून भेटतात. ‘आल्बम’ या शब्दाचा उगमच मुळी पुस्तकात आहे. लांब रचना 78 फेऱ्यांच्या एका तबकडीवर मावत नसे, तेव्हा अनेक तबकड्या पुठ्ठ्याच्या बांधणीत एकत्र ठेवीत. म्हैसूरला तर हा इतिहास परका नाही. महाराज जयचामराज वडियार यांच्या आर्थिक साहाय्यामुळेच रशियन संगीतकार निकोलाय मेटनर यांच्या रचनांचे ध्वनिमुद्रण त्यांच्या अखेरच्या वर्षांत होऊ शकले, आणि मेटनर यांनी आपला तिसरा पियानो-कन्चेर्टो महाराजांस अर्पण केला. 1948 साली लाँग-प्ले तबकडी आली आणि साठोत्तरी काळात रॉक संगीताने आल्बमला सुट्या गीतांची पिशवी न मानता एकसंध कृती मानले. कृती म्हटली की कर्तृत्वाचा प्रश्न आला, आणि तो आला की कोशकाराचे काम आलेच.

आता मसुद्याकडे वळू. त्याचा पहिला दोष विशेषणांचा. आल्बम ‘क्रांतिकारी’ होता, त्याने ‘जगाला वेड लावले’, अशी वाक्ये त्यात होती. केतकरांच्या ज्ञानकोशापासून मराठीत जी कोशगद्याची परंपरा चालत आली तिला हा सूर मानवत नाही. मात्र विशेषण केवळ खोडून भागत नाही. त्यामागे काही तथ्य असेल तर ते शोधून त्याच्या जागी ठेवावे लागते. ‘जगाला वेड लावले’ याऐवजी 2010 साली बीबीसीवरील जूल्स हॉलंड यांच्या कार्यक्रमात या गायकाने केलेले गायन आणि 2011 साली ‘साँगलाइन्स’ या नियतकालिकाने त्यास नवोदित कलावंत म्हणून दिलेला पुरस्कार, एवढे सांगितले की वाचकास स्वतःचे मत बनविता येते.

दुसरा दोष आपुलकीचा आहे. मसुद्याचे पहिलेच वाक्य ‘नाशिकचे सुपुत्र’ असे सुरू होत होते. रघु दीक्षित यांचा जन्म 1974 साली नाशिकला झाला हे खरे. पण ते वाढले म्हैसुरात, शिकले म्हैसूर विद्यापीठात, आणि त्यांच्या एका गीताच्या शीर्षकातच म्हैसूरचे नाव आहे. मराठी कोशाने जन्मस्थळ जरूर सांगावे. परंतु त्याच्या बळावर माणसास आपल्या अंगणात ओढून घेऊ नये. ती माहिती जीवनवृत्तात एका वाक्यात यावी, मथळ्यात नव्हे.

तिसरा दोष मात्र दोष या शब्दात मावणारा नाही. आल्बममधील दोन कन्नड गीतांविषयी मसुद्यात लिहिले होते, ‘उत्तर कर्नाटकातील पारंपरिक लोकगीते’. ही गीते म्हणजे ‘गुडुगुडिया सेदी नोडो’ आणि ‘सोरुतिहुदु मनेया माळिगी’. ती लोकांच्या तोंडी आहेत, हे निर्विवाद. पण त्यांना कवी आहे. तो शिशुनाळ शरीफ (1819–1889), आजच्या हावेरी जिल्ह्यातील शिग्गाव तालुक्यातला. मुसलमान घरात जन्मलेला आणि गोविंद भट्ट या ब्राह्मण गुरूचा शिष्य झालेला. त्याचा प्रदेश धारवाड जिल्ह्यात मोडे आणि तो जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता. म्हणजे मराठी वाचकास हा कवी दूरचा नव्हे. 1990 साली टी. एस. नागाभरण यांनी त्याच्यावर चित्रपट काढला आणि सी. अश्वत्थ यांच्या संगीताने ही पदे कन्नड घराघरात गेली. असा कवी ‘पारंपरिक’ या एका शब्दाखाली दिसेनासा झाला.

हे अज्ञान नुसत्या आळसाचे नाही. त्यामागे एक कारण आहे आणि ते ध्यानी घेण्याजोगे आहे. मराठी अभ्यासकास पदाच्या शेवटी कवीचे स्वतःचे नाव ऐकण्याची सवय असते. तुकाराम, नामदेव, कबीर हे सारे आपल्या नावानेच मुद्रा उमटवितात. कन्नड परंपरेत अंकित बहुधा देवाचे असते. बसवण्णांच्या वचनांत कूडलसंगमदेव येतो. शरीफांच्या पदांत ‘शिशुनाळाधीश’ येतो, म्हणजे शिशुनाळचा अधिपती. आपल्या सवयीचा अभ्यासक शेवटच्या कडव्यात कवी शोधतो, त्यास देव सापडतो, आणि तो गीत निनावी ठरवितो. त्यातून ध्वनिमुद्रणात एखाद्या पदाचे शेवटचे कडवे गाळले गेले तर तेवढाही पुरावा कानी पडत नाही. शरीफांनी सही केलेली असते. ती वाचण्याची लिपी आपणास ठाऊक नसते.

येथे कोणी म्हणेल की मौखिक परंपरेत पाठभेद होतात, कडवी घटतात-वाढतात, तेव्हा एकाच कवीचे नाव देण्याचा आग्रह कशासाठी? आक्षेप योग्य आहे. पण त्याचे उत्तर पाठभेदांची दखल घेणे हे आहे, नाव पुसणे हे नव्हे. तुकारामांच्या गाथेतही पाठभेद आहेत. म्हणून अभंगांस कोणी निनावी म्हणत नाही. शिवाय कायद्याचाही विचार करावा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार आज लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचा आर्थिक हक्क संपतो. शरीफांच्या बाबतीत तर तो प्रश्नच उद्‌भवत नाही. त्यांच्या वतीने वकील उभा राहणार नाही, वारसदार पत्र पाठविणार नाही. गायक, वादक, निर्माता यांची नावे करारामुळे टिकतात. मृत कवीचे नाव टिकते ते केवळ कोशकाराच्या प्रामाणिकपणामुळे.

नाव गेले की अर्थही जातो, हे मसुद्यातच दिसून आले. पहिल्या गीताचे वर्णन ‘हुक्क्याच्या नशेचे गीत’ असे केले होते. वास्तविक हे पद गुडगुडीचे रूपक घेऊन अंतरीचा रोग बाहेर काढावयास सांगते. कवी संत आहे हे ठाऊक असते तर ही चूक होती ना. दुसऱ्या गीताचा अनुवाद ‘घराचे छप्पर गळते’ असा होता. माळिगी म्हणजे उत्तर कर्नाटकातील मातीचे सपाट छत. सोलापूरकडील मराठीत त्यास माळवद हा नेमका शब्द आहे. कौलारू छपराचे कौल बदलले की गळती थांबते. माळवदावर मात्र दर पावसाळ्यापूर्वी माती घालावी लागते. अज्ञानाने गळणाऱ्या घराचे हे पद नित्य जागृतीचे आहे, आणि तो भाव ‘माळवद’ या शब्दानेच मराठीत उतरतो.

याचा अर्थ गायकाचे श्रेय कमी करावे असा मुळीच नाही. ज्यांस कन्नडचे एक अक्षर कळत नाही अशा श्रोत्यांपुढे एकोणिसाव्या शतकातील संतकवी गिटारच्या साथीने नेणे ही लहान गोष्ट नव्हे. पुढे 2013 च्या ‘जग चंगा’ या आल्बममध्येही या गायकाने शरीफांची पदे घेतली. म्हणजे हा प्रसंगोपात्त योग नसून जाणीवपूर्वक जोडलेले नाते आहे. कवीचे नाव दिल्यावाचून ते नाते नोंदीत दिसणारच नाही. सबब गायकास न्याय द्यावयाचा तरी शरीफांचे नाव आवश्यक ठरते.

आमच्या मोहल्ल्यातून जाणारा सय्याजीराव रस्ता बडोद्याच्या गायकवाडांचे नाव वागवितो. ते नाव येथे कसे आले हे विचारणारे थोडे. पण पाटीवर नाव आहे तोवर कोणी तरी कधी तरी विचारील. नाव नसते तर प्रश्नच उरला नसता. मसुदा परत पाठविताना ‘पारंपरिक लोकगीते’ हे शब्द मी खोडले आणि समासात लिहिले: ‘पदे : शिशुनाळ शरीफ (1819–1889). चाल व वाद्ययोजना कोणाची, ते प्रत्येक गीतापुढे स्वतंत्र द्यावे.’ नोंद त्यामुळे अवघी दीड ओळ वाढली.