धाक मागे ठेवून गेलेले

आयुष्यभर धाकात ठेवणारा माणूस गेला की मागच्यांनी मोकळा श्वास घ्यावा, ही आपली अपेक्षा चांगलं साहित्य सहसा पुरी करत नाही. विल्यम फॉकनरच्या ‘अ रोझ फॉर एमिली’ (१९३०) या कथेत एमिली ग्रीअर्सनचा बाप तिच्यासाठी आलेले सगळे तरुण हाकलून लावतो. तो मरतो तेव्हा मात्र, भेटायला आलेल्या बायकांना ती तीन दिवस सांगत राहते की वडील गेलेलेच नाहीत. याला वेड म्हणावं किंवा पितृभक्ती म्हणावी, तर दोन्ही अपुरं वाटतं. आपल्या वतीने सदैव ‘नाही’ म्हणणारा माणूस गेला की आपलं आयुष्य रितं का राहिलं याचं कारणही त्याच्याबरोबर जातं. एमिली धरून ठेवते ते हे कारण. एमिली म्हणजे अमेरिकेचा जुना दक्षिण प्रांत, बाकी सगळं रूपक, असा आक्षेप घेतला जातो. पण मग निवेदन ‘आम्ही’ म्हणणाऱ्या गावाकडे का दिलं? गावाचा तिच्याशी असलेला व्यवहारच पाहा: तिचा कर १८९४ मध्ये माफ करताना गावचा तेव्हाचा कारभारी कर्नल सार्टोरिस याने तिच्या बापाने गावाला कर्ज दिल्याची थाप रचली होती. पुढे नवे कारभारी वसुलीला येतात, तर ती त्यांना कर्नलकडे पाठवते. त्याला मरून जवळजवळ दहा वर्षं झालेली असतात. कारभारी हात हलवत परततात. इथे मृत्यू न मानणं हा आजार राहत नाही. मेलेल्या पुरुषाचा अधिकार वापरायची ती एक व्यवहारी रीत ठरते. तिला वेडी ठरवणं सोयीचं आहे ते गावालाच.

कॅथरिन मॅन्सफील्डने हेच नऊ वर्षं आधी, ‘द डॉटर्स ऑफ द लेट कर्नल’मध्ये (१९२१) हसत हसत मांडलं होतं, आणि माझ्या मते अधिक निर्दयपणे. जोसेफिन आणि कॉन्स्टॅन्शिया या प्रौढ बहिणींना धास्ती वाटते की वडिलांना न विचारता पुरलं, आता ते काय म्हणतील! वडिलांच्या खोलीतला खण उघडायचंही धाडस होत नाही. कॉन्स्टॅन्शिया कपड्यांचं कपाट सरळ कुलूपबंद करून टाकते. रस्त्यावर बॅरल ऑर्गन वाजू लागताच दोघी तो थांबवायला धावतात, आणि मग ध्यानात येतं की काठी आपटणारे वडील आता नाहीत. ही बिचाऱ्या म्हाताऱ्यांची टवाळी आहे असं काही वाचकांना वाटलं. मला तसं वाटत नाही, कारण शेवटी दोघी काहीतरी बोलू पाहतात आणि काय बोलायचं तेच विसरतात. बंदी उठली, इच्छा मात्र केव्हाच मोडून गेली आहे.

मराठीत महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (१९८५) घरातले वडील, तात्याजी, रंगमंचावर येतच नाहीत. नाटक सुरू होतं तेच त्यांच्या मरणानंतर. इथे धाकाला व्यक्तीचीही गरज उरत नाही. तेरवीचा खर्च, गावजेवण आणि वाड्यातल्या देशपांडे घराण्याची इभ्रत मिळून तो चालवतात. म्हणूनच शिक्षणासाठी बाहेर जाऊ न दिलेली तात्याजींची मुलगी प्रभा एमिलीपेक्षा एकाकी वाटते; जाब विचारावा तर समोर माणूसच नाही. याउलट अवनी दोशींच्या ‘बर्न्ट शुगर’ या इंग्रजी कादंबरीत पुण्यातली आई जिवंत आहे, फक्त तिची स्मृती जाते आहे. लेकीचा शोक मृत्यूआधीच सुरू होतो, कारण आरोपीच गुन्हा विसरत चालली आहे. आजच्या बऱ्याच कथनांमध्ये असं नातं आलं की ‘आघात’ हा शब्द लगेच हजर होतो आणि पात्राआधी निदान बोलू लागतं. दोशी ते टाळतात. ही लेक, अंतरा, आईची सेवा करते आणि हिशेबही मागत राहते, आणि यातलं खरं कोणतं हे कादंबरी आपल्याला सांगत नाही.