तीन टक्क्यांची चूक, पण कशातली?

संख्याशास्त्राच्या धड्यात जनमत चाचणीचा विषय निघाला, की ‘लिटररी डायजेस्ट’ची गोष्ट हमखास सांगितली जाते. १९३६ साली या अमेरिकन साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांवरून लँडन निवडून येणार, असे भाकीत केले गेले. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. तात्पर्य : नमुना नुसता मोठा असून चालत नाही, तो प्रातिनिधिक असावा लागतो.

हे तात्पर्य बरोबर आहे, पण अपुरे आहे. नमुना निर्दोष असला की भाकीत खरे ठरणारच, असा समज घेऊन विद्यार्थी वर्गाबाहेर पडतो. हा समज तपासण्याजोगे उदाहरण अमेरिकेतच आहे.

तिथे अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी मोठे पक्ष आपला उमेदवार राज्याराज्यांत मतदान घेऊन ठरवतात. हे मतदान निवडणुकीच्या वर्षारंभी सुरू होते. चाचण्या मात्र वर्षभर आधीपासून येऊ लागतात. २००७ साली बहुतेक काळ देशव्यापी चाचण्यांत रिपब्लिकन पक्षात जुलियानी आणि डेमोक्रॅटिक पक्षात हिलरी क्लिंटन पुढे होत्या. २००८ मध्ये जुलियानींना एकही राज्य जिंकता आले नाही आणि क्लिंटन ओबामांकडून हरल्या.

मग या चाचण्या निरर्थकच का? तसेही नाही. १९९९ मध्ये धाकटे बुश आणि २०२३ मध्ये ट्रम्प आपापल्या पक्षात बरेच पुढे होते. दोघांनाही उमेदवारी मिळाली. २०१९ मध्ये बहुतेक काळ पुढे असलेले बायडेन फेब्रुवारी २०२० मध्ये आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले, तरी अखेर उमेदवार तेच झाले. फक्त फसलेली भाकिते वेचून काढणे ही नमुना निवडण्यातली चूकच होय!

आकड्यांसोबत ‘चूक ३ टक्के’ असे छापलेले असते. १००० जणांचा यादृच्छिक नमुना घेतला, तर १ भागिले १००० चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.०३, ही ती चूक. सर्वांऐवजी हजारांनाच विचारल्यामुळे पडणारा फरक तेवढा तीत धरलेला असतो. पुढच्या काही महिन्यांत बदलणारी मने तीत येत नाहीत. शिवाय सुरुवातीला अनेकांना एक-दोनच नावे ठाऊक असतात. त्यामुळे पसंती आणि नुसती ओळख यांची सरमिसळ होते. १९७५ च्या आरंभी जिमी कार्टर यांना जॉर्जिया राज्याबाहेर फारसे कोणी ओळखत नव्हते. १९७६ मध्ये ते अध्यक्षपदी निवडून आले.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या १७ इच्छुकांपैकी पहिल्या दहांनाच फॉक्स न्यूजच्या मुख्य वादसभेत स्थान मिळाले. ही निवड पाच देशव्यापी चाचण्यांच्या सरासरीवरून झाली. पहिले मतदान तेव्हा सहा महिने दूर होते. दहावे केसिक आणि अकरावे पेरी यांच्यात दोन टक्क्यांचेही अंतर नव्हते. पेरींनी सप्टेंबरातच माघार घेतली. केसिक पुढच्या मे महिन्यापर्यंत टिकले. हे त्या चाचण्यांमुळेच घडले, असे सिद्ध होत नाही. पेरींना पैशांचीही चणचण होती. पण ज्या आकड्याने लोकांची ओळख मोजायची, त्याच आकड्यावरून कोणाची ओळख होऊ द्यायची हे ठरू लागले, तर मोजपट्टीच मोजायच्या वस्तूला ढकलू लागते.

शिक्षकमित्रांनी एक प्रयोग जरूर करावा. वर्गप्रमुखाच्या निवडणुकीआधी महिनाभर वर्गातल्या प्रत्येकाचे मत गुप्तपणे घ्यावे. सर्वांनाच विचारल्याने नमुन्याची चूक शून्य. मग उमेदवारांची भाषणे होऊ द्यावीत आणि पुन्हा मत घ्यावे. आकडे बदलले, तर मुलांना एवढेच विचारावे : पहिली मोजणी चुकली होती का?