स्थळ, वास्तू आणि वाहन : आंतरजालावरील छायाचित्रांच्या रसग्रहणाचा विचार
(बुलढाणा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

कविता किंवा कथा यांच्या आस्वादासाठी मराठी समीक्षेने परिभाषा घडविली. छायाचित्राच्या वाट्याला मात्र अद्याप ‘सुंदर’, ‘अप्रतिम’ एवढीच विशेषणे येतात. २००४ मध्ये फ्लिकर व विकिमीडिया कॉमन्स सुरू झाले आणि स्थळे, वास्तू, वाहने यांची छायाचित्रे आंतरजालावर ठेवणे व त्यांना दाद देणे हा व्यवहार हळूहळू सर्वत्र रूढ झाला. या व्यवहारात दाद विपुल आहे, वाचन विरळ आहे. छायाचित्राचे सौंदर्यमूल्य आणि दस्तऐवजमूल्य यांचा परस्परसंबंध बुलढाणा जिल्ह्यातील उदाहरणांच्या आधारे तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

स्थळ : रंग हाच पुरावा

उल्कापाताने बेसॉल्ट खडकात निर्माण झालेल्या लोणार सरोवराचे एरवी हिरवट दिसणारे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले. त्याची असंख्य छायाचित्रे देशभर पसरली. अनेकांत रंग अधिक गडद केलेला होता; दिनांक व स्थान यांचा उल्लेख नव्हता. याच काळात अमेरिकेच्या ‘नासा’ने लँडसॅट उपग्रहाने टिपलेली दोन चित्रे प्रसिद्ध केली : एक २५ मेचे, दुसरे १० जूनचे. सौंदर्याच्या दृष्टीने ती रुक्ष वाटतील. परंतु एकाच उंचीवरून, दिनांकासह घेतलेली असल्यामुळे त्यांचे विधान निःसंदिग्ध आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याच्या नमुन्यांच्या अभ्यासातून या रंगाचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे दाखविले. बाष्पीभवनाने पाण्याची क्षारता वाढली आणि गुलाबी रंगद्रव्य असणाऱ्या या जीवांची संख्याही वाढली. म्हणजे येथे रंग ही सजावट नव्हती, ती माहिती होती. ज्याने तो रंग भडक केला, त्याने नकळत पुराव्यातच फेरफार केला.

याचा अर्थ सौंदर्यदृष्टी गौण आहे असा नाही. विवराच्या कडेवरून घेतलेले एखादे समर्थ छायाचित्र सुमारे १.८ कि.मी. व्यासाच्या त्या वर्तुळाचा जो प्रत्यय देते, तो आकड्यांतून येत नाही. मात्र काठावरील कमळजा देवीच्या मंदिराचे त्याच जागेवरून वर्षानुवर्षे घेतलेले साधे छायाचित्र पाण्याच्या पातळीची नोंद ठरू शकते, हे रसिकाने ओळखले पाहिजे.

वास्तू : चौकटीबाहेरचे

हेन्री कझेन्स यांच्या दख्खनमधील मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथात (१९३१) लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचे छायाचित्रण वास्तुवर्णनाच्या सोबतीने येते. चित्र आणि मजकूर एकमेकांना अर्थ पुरवितात. आजच्या छायाचित्रांत त्याच मंदिराची दर्शनी बाजू व आकाश यांची मोहक जुळणी असते. पण भिंतीवरील शिल्प कोणत्या बाजूचे, डागडुजीपूर्वीचे की नंतरचे, हे कळत नाही.

सिंदखेडराजा येथे २०२४ मध्ये लखुजीराव जाधवांच्या छत्रीच्या जतनकार्यादरम्यान भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला शेषशायी विष्णूचे भव्य शिल्प सापडले. खड्ड्यात मातीने वेढलेल्या त्या शिल्पाची छायाचित्रे सर्वदूर पोहोचली. प्रतिसाद भक्तीचे व विस्मयाचे होते, ते स्वाभाविकच. परंतु अभ्यासकाच्या दृष्टीने त्या चित्रांचे मोल सभोवतालच्या मातीत व दगडांत आहे. शिल्प हलविले की तो संदर्भ पुन्हा पाहता येत नाही. तो केवळ नोंदींत आणि छायाचित्रांत उरतो.

वाहन : छांदिष्टांची शिस्त

आश्चर्य असे की, ज्यांना केवळ छांदिष्ट समजले जाते त्या रेल्वे व एस.टी.च्या छायाचित्रकारांनी ही शिस्त आधीच अंगीकारली आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव मार्गावरील गाडीच्या चित्राखाली इंजिनाचा वर्ग, क्रमांक, शेड, स्थानक व दिनांक लिहिण्याची प्रथा त्यांच्यात आढळते. एस.टी.च्या बसचा क्रमांकही ते वाचतात. बुलढाण्याचा परिवहन संकेतांक एम.एच. २८, तरी जिल्ह्यातील कित्येक बसवर एम.एच. २० किंवा ४० दिसे, कारण त्यांची बांधणी चिकलठाणा वा नागपूरच्या कार्यशाळेत झालेली असे. सामान्य प्रेक्षकाला जी लाल बस दिसते, तिच्यात या जाणकारांना महामंडळाच्या कार्यशाळांचा इतिहास दिसतो. दाद आणि ज्ञान येथे एकत्र नांदतात.

समारोप :

आंतरजालावरील संग्रह चिरस्थायी असतो, हा समज भ्रामक आहे. २००५ मध्ये सुरू झालेले, नकाशावर स्थळांची छायाचित्रे दाखविणारे पॅनोरामिओ २०१६ मध्ये बंद झाले. अशा वेळी चित्र अन्यत्र वाचले, तरी त्यासोबतचा मजकूर व चर्चा टिकतीलच असे नाही. ज्या चित्राला स्वतःची नोंद नाही, ते मग केवळ एक देखावा उरते. म्हणून छायाचित्राच्या रसग्रहणाने चार प्रश्न विचारावेत : ते कोठून घेतले, केव्हा घेतले, चौकटीबाहेर काय राहिले आणि मूळ दृश्यात काय बदलले? महाविद्यालयांतील इतिहास, भूगोल व मराठी विभागांनी विद्यार्थ्यांना आपल्या गावच्या बारवेचे, बसस्थानकाचे, मंदिराचे छायाचित्र या चार प्रश्नांच्या उत्तरांसह सादर करावयास लावले, तर जिल्ह्याचा एक विश्वसनीय दृश्य-दस्तऐवज सहज उभा राहील. विद्यार्थ्यांच्या हातांत कॅमेरा आलाच आहे. त्यासोबत नोंदवहीही यावी, एवढीच अपेक्षा.