बॉम्बफेकी विमानातील वीररस

वीररसाचा स्थायीभाव उत्साह. आणि त्याचे दानवीर, धर्मवीर, युद्धवीर व दयावीर असे चार प्रकार विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त सांगितले आहेत. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बफेकी विमानांविषयीचे साहित्य वाचताना आपण यांपैकी युद्धवीराचीच अपेक्षा बाळगतो, आणि तेथेच आपली निराशा होते. रँडल जॅरेलच्या १९४५ मधील प्रसिद्ध पाच ओळींच्या कवितेतील गनर काहीच करीत नाही. तो केवळ मरतो. जोसेफ हेलरच्या ‘कॅच-२२’ (१९६१) या कादंबरीत योसारियन स्नोडेनच्या मांडीची जखम बांधीत राहतो, आणि प्राणघातक जखम जाकिटाखाली दडलेली असते. ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या सुमारे १,२५,००० वैमानिकांपैकी व सहकाऱ्यांपैकी ५५,५७३ मृत्यू पावले, हे ध्यानी घेता या लेखकांचा संयम यथार्थच वाटतो.

मग येथे वीररसाला स्थानच नाही काय? अँड्र्यू मिनार्स्की या कॅनेडियन गनरची हकीकत या प्रश्नाचे निराळे उत्तर देते. १२-१३ जून १९४४ च्या रात्री फ्रान्समधील कांब्रेच्या रेल्वेकेंद्रावर निघालेले त्याचे लँकेस्टर विमान पेटले. उडी टाकण्याची आज्ञा झाली असता, शेपटाकडील टरेटमध्ये अडकलेल्या पॅट ब्रोफीला सोडविण्यासाठी तो ज्वाळांतून रांगत गेला. यश आले नाही. ब्रोफीने परत जाण्याची खूण केली, तेव्हा जळत्या वस्त्रांनिशी त्याला सलाम करून त्याने उडी घेतली. भाजल्यामुळे मिनार्स्की मरण पावला. विमानासह कोसळलेला ब्रोफी मात्र वाचला. त्याच्याच साक्षीवरून १९४६ मध्ये मिनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.

ब्रोफी वाचला तो या प्रयत्नामुळे नव्हे. पण रस फलावर नव्हे, उत्साहावर अवलंबून असतो. मिनार्स्की हा युद्धवीर नसून दयावीर होय. आधुनिक यंत्रयुद्धाने पराक्रमाचे क्षेत्र शत्रूपासून काढून सोबत्यापाशी आणले आहे.

तथापि समीक्षकाला येथे थांबता येत नाही. १९४४ मध्ये फ्रान्सच्या रेल्वेकेंद्रांवर पडलेल्या बॉम्बांनी अनेक फ्रेंच नागरिकही मेले. विमानातील दया खालच्या वस्तीपर्यंत पोहोचत नाही. तिचे तेज आणि तिची ही मर्यादा, दोन्ही एकाच वाक्यात पेलू शकेल असा लेखकच या विषयाला न्याय देईल. केवळ गौरव करणारा अर्धे सत्य सांगतो. केवळ उपहास करणाराही तेवढेच सांगतो.